दाराला लावलेली पिशवी

दाराच्या मुठीला पिशवी लावलेली होती.

आम्ही दोघी आतच होतो, मी आणि आई. बेल वाजली नाही. जिन्यात पावलं वाजली, थांबली, परत खाली गेली. मला वाटलं, शेजारची म्हातारी असेल. मग माझा फोन वाजला. काकूंचा मेसेज होता.

"होळीच्या पुरणपोळ्या उरल्या होत्या गं, टाकवेना. दाराला लावून जातेय. तुझ्या आईंना चालतील ना? त्यांना सवय असेल."

पुढे हात जोडल्याचं चित्र.

मी तो मेसेज पुन्हा पहिल्यापासून वाचत होते, तोवर आईनं दार उघडलंसुद्धा. प्लास्टिकची सळसळ तिला माझ्याआधी ऐकू येते. तिनं पिशवी दोन बोटांनी काढली. अंगाला लागू न देता, हात लांब धरून ओट्यापर्यंत आणली. गाठ सोडली, वास घेतला. आत दह्याचे रिकामे झालेले दोन प्लास्टिकचे डबे. एकात घडी घातलेल्या पोळ्या, दुसऱ्यात कटाची आमटी. आमटीचा तिनं दुसऱ्यांदा वास घेतला. "ही परवाची हाय," म्हणाली आणि ती सिंककडे सारली. पोळ्या शेगडीकडे ठेवल्या. खायचं इकडे, टाकायचं तिकडे. झालं काम.

तिच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. राग नाही, लाज नाही, वाईट वाटणं नाही. तिला ते नेहमीचं होतं. मी ड्रेस्डेनमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, हीटर लावलेल्या खोलीत उभी होते आणि इतक्या लांब येऊनही माझ्या आईला पिशवी पोचली होती.  

माझी आई पुण्यात कॉर्पोरेशनच्या झाडू खात्यात होती. पहाटे खात्याच्या कोठीवर हजेरी, मग कोथरूडच्या आळ्या. बंगल्यांच्या फाटकांना दुधाच्या पिशवीसाठी हूक असायचे. सकाळी दूध आत गेलं की दुपारी त्याच हुकाला आमच्यासाठी पिशवी लागायची. शिळ्या पोळ्या, आंबलेलं वरण, कुणाच्या मुंजीतला उरलेला मसालेभात. हातात कुणी देत नसे. "हुकाला लावलंय गं," असा खिडकीतून आवाज यायचा. तो आवाज रागाचा नसायचा. उलट प्रेमळच असायचा. माझ्या आईचं नाव मात्र त्या आळीत एकालाही ठाऊक नव्हतं.

मी पाचवीत होते. वर्गातली एक मुलगी त्याच आळीत राहायची. तिच्या वाढदिवसाला वर्गातल्या मुलींना बोलावणं होतं, मला नव्हतं. दुसऱ्या दिवशी आईनं आणलेल्या पिशवीत केक निघाला. क्रीमवर त्या मुलीच्या नावाची शेवटची अक्षरं शाबूत होती. मी ती अक्षरं खाल्ली. गोड होती, खोटं कशाला सांगू. सोमवारी तिनं मधल्या सुट्टीत सगळ्यांसमोर विचारलं, "आमचा केक कसा होता?" मुली हसल्या. तिच्या मनात तसं काही नव्हतं, असं बाई म्हणाल्या. बाई नेहमी असंच म्हणतात.

त्या दिवसापासून मी पिशवीतलं तोंडात घातलं नाही. आई खात राहिली. मी भांडले तर म्हणायची, "अन्नाचा काय गुन्हा?" तिचं हे वाक्य खोडता यायचं नाही. पण तेव्हा मी मनाशी एक गोष्ट मागून ठेवली. घर नको, गाडी नको. माझ्या आईनं एकदा कुणाच्या तरी घरी, खुर्चीवर बसून, त्यांच्या ताटात जेवावं आणि त्यांनी तिला हातानं वाढावं. मागणं एवढंसंच होतं. त्यासाठी मला किती लांब यावं लागलं, बघा.

शिकले. पर्यावरणाचं इंजिनिअरिंग केलं. मग स्कॉलरशिप मिळाली आणि ड्रेस्डेनला डॉक्टरेटला आले. मुलाखतीत प्रोफेसरांनी विचारलं, कचऱ्याचाच विषय का? मी म्हणाले, घरचा धंदा आहे. ते हसले. त्यांना तो विनोद वाटला.

विषय होता अरब देशांतला घरगुती कचरा, तो कसा साठतो, कोण उचलतो, कुठे जातो. फील्डवर्कला जॉर्डनमधल्या एका छोट्या शहरात राहिले. सोबत सामिया होती, तिथलीच, माझ्याच इन्स्टिट्यूटमध्ये डॉक्टरेट करणारी. घराघरांतून पिशव्या आणायच्या, ताडपत्रीवर ओतायच्या, हातमोजे घालून वेगळं करायचं, वजन करायचं. भाताचे ढीग, टरबुजाच्या साली, चहाचा चोथा, बाळांचे डायपर. पिशव्या उघडताना माझे हात आईसारखे चालतात, हे मला तिथं कळलं. मीही आधी वास घेत होते.

एक गोष्ट मात्र सापडत नव्हती. इतक्या भाकऱ्या खाणारं गाव, आणि कचऱ्यात भाकरीचा तुकडा नाही. मग एका सकाळी मी मान वर करून पाहिलं. कोपऱ्यावरच्या लोखंडी कचराकुंडीच्या कानाला पिशवी अडकवलेली होती. पुढच्या घराच्या फाटकाला एक. पलीकडे झाडाच्या फांदीला एक. माझं डोकंच फिरलं. मला वाटलं, इथंही. इथंही कुणाची तरी आई येते आणि हुकावरून काढून नेते.

"हे कुणासाठी लावलंय?" मी सामियावर जवळजवळ ओरडलेच.

ती म्हणाली, "कुणासाठी नाही. भाकरीसाठी."

मग तिनं समजावलं. भाकरी कचऱ्यात टाकायची नाही. ती देवाची देणगी. जमिनीवर पडली तर उचलायची, ओठांना लावायची, कपाळाला लावायची, कुणाचा पाय पडणार नाही अशी उंचावर ठेवायची. शिळी झाली की वेगळ्या पिशवीत बांधून टांगायची. ज्याच्या शेळ्या-कोंबड्या असतील तो घेऊन जातो. हे सांगताना तिनं फांदीवरची ओघळलेली पिशवी नीट बसवली, सहज, आपण देवापुढचं फूल सरळ करतो तशी.

मी कुंडीच्या आडोशाला जाऊन रडले. इतकी वर्षं टांगलेली पिशवी पाहिली की माझी मान खाली जायची. आणि या गावात लोक तीच पिशवी मान राखायला टांगत होते. माणसाचा नसेल, भाकरीचा तरी.

तिथं सगळं आलबेल होतं, असं मात्र मी म्हणणार नाही. कचरा उचलणारी माणसं इजिप्तहून पोटासाठी आलेली. गाडी थांबली की पोरं नाक धरून "झब्बाल, झब्बाल" ओरडायची. झब्बाल म्हणजे कचरेवाला, पण ओरडण्याची पट्टी अशी की मला अर्थ विचारावा लागला नाही. भाकरी कपाळाला लावणारी बाईच त्या माणसाला पाणी द्यायला प्लास्टिकचा पेला शोधायची. काचेचा पेला फडताळात समोर असायचा. प्लास्टिकचा बरा, तो परत घ्यावा लागत नाही. हे मी माझ्या प्रबंधात कुठे लिहू, हे मला अजून कळलेलं नाही.

आता काकू.

काकू म्हणजे माझ्या नात्यातल्या कुणी नव्हेत. काका इथल्या कॉम्प्युटर चिप्सच्या फॅक्टरीत इंजिनिअर. काकू मराठी मंडळाच्या कर्त्यासवरत्या. मी आले त्या हिवाळ्यात तापानं पडले होते. कुणाकडून तरी कळलं आणि ही अनोळखी बाई बर्फातून ट्राम बदलत माझ्याकडे आली. स्टीलच्या डब्यात मुगाची खिचडी, वर तूप. उशाशी बसून म्हणाली, "बाळ, इथे आम्ही आहोत हं." मी त्या खिचडीत रडले. ते प्रेम खोटं नव्हतं. खोटं असतं तर आज इतकं दुखलं नसतं.

तो स्टीलचा डबा मग आमच्या दोघींमध्ये फिरत राहिला. डबा रिकामा परत करायचा नाही, ही रीत मला माहीत होती आणि त्यांनाही. खिचडी आली की मी शिरा भरून पाठवायची. चकल्या आल्या की मी खजूर. शनिवारी जेवायला मी त्यांच्याकडेच. त्यांची लेक मिहिका मला ताई म्हणायची, बाकी सगळं जर्मनमध्ये बोलायची. जेवण झालं की मी हक्कानं त्यांची बायोची बादली घेऊन खाली जायची आणि तपकिरी बायोटोनेत, म्हणजे ओल्या कचऱ्याच्या कुंडीत, रिकामी करून यायची. काकू चिडवायच्या, "जा बाई, तुझा तर विषयच आहे." मी हसायची. घरातल्या लेकीला कुणीही चिडवतं.

माझं आडनाव असं आहे की त्यावरून काही उमगत नाही. काकूंनी दोन-तीनदा चाचपून पाहिलं. मूळचे कुठले, कुलदैवत कोणतं. मी गावाचं नाव सांगितलं. कुलदैवत आमच्याकडे नाही, भिंतीवर निळ्या कोटातला फोटो आहे. तेवढं त्यांनी पुढे विचारलं नाही.

मग माझ्या डॉक्टरेटचा शेवट जवळ आला आणि मी आईला बोलावून घेतलं. तीन महिन्यांचा व्हिसा. बॅगेत तिनं तो निळ्या कोटातला फोटो आणला आणि शेंगदाणे. इथं मिळतात म्हटलं तरी आणले. आल्या आल्या लाडू वळायला बसली, दाणे आणि गूळ. लाडू वळून झाला की ती शेवटी वर अंगठ्यानं एक दाब देते. प्रत्येक लाडवावर एक खळगा. सामिया भेटायला आली, तिला आईनं हातात लाडू दिला. खाताना सामियाच्या हातून तुकडा जमिनीवर पडला. तिनं तो उचलला, कपाळाला लावला आणि तोंडात टाकला. आईला फार हसू आलं. "ही तर आपलीच पोरगी," म्हणाली.

काकूंचा डबा माझ्याकडे होता. आईनं तो लाडवांनी भरला आणि शनिवारी आम्ही तिघं, म्हणजे मी, आई आणि डबा, ट्राममधून काकूंकडे निघालो.

त्या संध्याकाळचं सगळं मला दिसतं अजून. आई खुर्चीच्या काठावर बसली, उठायची तयारी ठेवून. काकू म्हणाल्या, "अहो, नीट बसा. खुर्ची ओढून घ्या टेबलाशी." आईनं खुर्ची ओढली. काकूंनी त्यांच्या ताटात तिला वाढलं. भरलं वांगं वाढलं, पोळी वाढली, पोळीवर स्वतः चमच्यानं तूप सोडलं. मिहिका आईच्या शेजारी चिकटून बसली होती आणि आईच्या हातावरचं गोंदण बोटानं गिरवत होती. मी घास चावायचं विसरले. माझी आई पाहुणी होती. माझं पाचवीतलं मागणं माझ्यासमोर जेवत होतं.

काकांनी विचारलं, "आल्झो, म्हणजे, तुम्ही नोकरी करत होतात ना? कुठे होतात?"

"कॉर्पोरेशनात," आई म्हणाली.

"कोणत्या डिपार्टमेंटला?"

"झाडू खात्यात." आईनं ते अगदी मोकळेपणानं सांगितलं. निवृत्तीला साडी-नारळ देऊन सत्कार झाला होता तिचा, तिला त्या नोकरीचा अभिमान आहे. आणि काकूंचं माहेर कोथरूडचं, हे मी तिला सांगितलेलं. म्हणून आनंदानं पुढे म्हणाली, "कोथरूडलाच होते मी, तुमच्याच बाजूला. तिकडच्या आळ्या सगळ्या माझ्या हाताखालच्या."

"हो का," काकू म्हणाल्या. "अरे वा."

कुणी काही वाईट बोललं नाही. कुणीही नाही. आमची जात कुणी विचारली नाही. कामाचं नाव निघालं आणि ती आपोआप पानात वाढली गेली. फक्त वाढणं थांबलं. भाताचं पातेलं टेबलाच्या मधोमध आलं आणि काकू म्हणाल्या, "घ्या हं, हवं तेवढं." मिहिकाला आतून हाक आली, "मिहिका, कोम, होमवर्क." ती गेली. आईनं भात घेतला नाही. पाहुण्यानं स्वतःच्या हातानं घ्यायचं नसतं, असं तिला वाटलं असावं.

ट्राममध्ये आई खूश होती. म्हणाली, "चांगली माणसं हायेत. हातानं वाढलं."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. मनाला समजावत होते की मी कुसळ शोधतेय. पुढच्या शनिवारी बोलावणं आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मिहिकाची परीक्षा आहे, काकांना सर्दी आहे, पुढच्या आठवड्यात गेनाऊ, अगदी नक्की. मग होळी आली. आणि पिशवी.

कचऱ्याचा अभ्यास करणाऱ्याला भांड्यावरून घर कळतं. पिशवीत स्टीलचा डबा नव्हता. दह्याचे प्लास्टिकचे डबे होते. ते परत घ्यावे लागत नाहीत. खाऊन झालं की प्लास्टिकच्या पिवळ्या टोनेत टाकायचे आणि संबंध मिटला. मला भाकरी कपाळाला लावणाऱ्या त्या बाईचा प्लास्टिकचा पेला आठवला.

आईनं पोळ्या तुपावर गरम केल्या. मला विचारलं, मी नाही म्हणाले. तिनं खाल्ल्या. तिच्या हातातला घास मी ओढून घ्यायला हवा होता का? मला जमलं नाही. ती भुकेली नव्हती, तिला फक्त अन्न टाकवत नव्हतं. काकूंनाही टाकवलं नव्हतं. एकच शब्द. काकूंच्या हातून त्याची पिशवी झाली, आईच्या हातून जेवण.

मग तिनं ते प्लास्टिकचे डबे घासले, पुसले आणि त्यातला एक लाडवांनी भरला.

"आई, हे डबे परत द्यायचे नसतात," मी म्हणाले. "टाकून द्यायचे असतात."

"असू दे. डबा आला की डबा जातो. रिकामं नस्तं द्यायचं."

 दुसऱ्या दिवशी तो डबा घेऊन मी निघाले. रागावून नाही निघाले. खरं सांगते, मी आशेनं निघाले होते. काकू दार उघडतील, म्हणतील, अगं वेडे, बेल बिघडली होती तुमची, घाईत होते, चल आत, चहा टाकते. मी लगेच मानलं असतं. सगळं मानायला मी तयार होते.

काकूंनी दार उघडलं. "अरे, तू." हसल्या. "जॅकेट काढ" म्हणाल्या नाहीत. मी पायपुसण्यावर उभी. डबा पुढे केला, आईनं लाडू दिलेत म्हणाले. काकूंचा हात पुढे आला आणि मध्येच केसांकडे गेला. "ठेव ना तिथेच, बुटांच्या रॅकवर."

मी वाकले. रॅकवर आमचा स्टीलचा डबा होता. त्यात बुटांच्या नाड्या, पॉलिशची डबी, ब्रश. मी माझा प्लास्टिकचा डबा त्याच्या शेजारी ठेवला.

"जाताजाता बायोची बादली नेशील का गं?" काकू आतून घेऊन आल्या. "आज फ्रीज आवरला. तुझा तर विषयच आहे."

शंभरदा ऐकलेलं वाक्य. मी बादली घेतली. सवयीनं झाकण उचललं, हात सवयीनं चालले, आधी वास घेतला. कॉफीचा चोथा, कांद्याची सालं. आणि वर लाडू. अख्खे. एकही फोडलेला नाही. प्रत्येकावर आईच्या अंगठ्याचा खळगा.

दाण्याचा लाडू महिना महिना टिकतो. वर्गीकरण अगदी बरोबर होतं. बायो बायोमध्ये.

मला रडू आलं नाही.  मी तिथंच पायपुसण्यावर उकिडवी बसले आणि एकेक लाडू बादलीतून काढून ओढणीत घेऊ लागले. चोथा झटकून घेत होते.

"अगं, हे काय करतेस? घाण आहे ती," काकू म्हणाल्या.

"काकू, हे कुजले नव्हते."

"आमच्याकडे गोड फारसं कुणी खात नाही गं हल्ली."

"पुरणपोळ्या काय तिखट होत्या?"

 आतून टीव्हीचा आवाज येत होता, तो बंद झाला. काका ऐकत होते, पण बाहेर आले नाहीत. हेच काका नाताळच्या बाजारात माझ्यासमोर उभे राहून ब्राटवुर्स्ट, भाजलेला मांसाचा सॉसेज, खातात. कुणाच्या हातचा, कशाचा, काही विचारत नाहीत. वुर्स्ट चालतो. माझ्या आईचा लाडू चालत नाही.

"तू भलता अर्थ काढू नकोस," काकू हळू आवाजात म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. खरेच भरले होते. "जातबित आम्ही कधी मानली नाही. इथे जर्मनीत कोण मानतं? तुला लेकीसारखं केलं ना मी?"

"केलंत," मी म्हणाले. "मग हा डबा बुटांत का गेला?"

त्यांनी डब्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. उत्तर त्यांना माहीत होतं, आणि ते मलाही माहीत आहे हे त्यांना दिसत होतं. मी ओढणीला गाठ मारून उठले. मी मनात म्हणत होते, काकू, एक लाडू उचला. माझ्या ओढणीतला नको, त्या नव्या डब्यातला उचला. एक घास खा. मी सगळं विसरते.

त्यांनी उचलला नाही.

मी बादली त्यांच्या दारातच ठेवली. म्हणाले, "आज तुम्ही न्या. उतरताना उजव्या हाताला आहे बायोटोने." नवा डबाही परत घेतला. जिन्यात मला पहिल्या हिवाळ्यातली खिचडी आठवली आणि तेव्हा रडू फुटलं. मला आई आहे. पण या शहरात मला आणखी एक घर होतं, आणि ते मी पायऱ्या उतरता उतरता सोडून येत होते.

घरी आईनं विचारलं, "आवडले का गं त्यांना?"

मी खोटं बोलू शकले असते. ओढणी सोडून तिच्यापुढे ठेवली. कुठे सापडले ते सांगितलं. डब्याचं सांगितलं. काही गाळलं नाही.

आईनं एक लाडू उचलला. त्यावरचा चोथा फुंकला. आपल्याच अंगठ्याच्या खळग्यावर अंगठा ठेवून बघितला.  मग म्हणाली, "मीच कशाला सांगितलं गं कामाचं नाव? बोलले नस्ते तर तुझं घर राह्यलं अस्तं."

मला अनेक गोष्टी ऐकवल्या गेल्यात आयुष्यात. हुकाला लावलंय. आमचा केक कसा होता. त्यांना सवय असेल. त्यातलं काहीही मला या वाक्याइतकं लागलं नाही. उन्हातान्हात, पावसात, पोटुशी असताना जिनं ते काम केलं, साडी-नारळ घेऊन ताठ मानेनं जी घरी आली, तिला आज त्या कामाचं नाव गिळावंसं वाटलं. माझ्यासाठी. त्या पिशवीनं एवढं केलं.

मी तिच्या हातातला लाडू काढून घेतला आणि खाल्ला. कॉफीचा कडवट चोथा दाताखाली आला. तो अपमान मला पचवायचा नव्हता, तो कसा लागतो ते लक्षात ठेवायचं होतं. मग तिला म्हणाले, "आणखी दाणे भाज. पुष्कळ भाज."

पुढच्या महिन्यात माझ्या प्रबंधाचा बचाव, म्हणजे शेवटची तोंडी परीक्षा, आहे. इथं रीत अशी की बचाव झाला, सोबत्यांनी बनवलेली कागदी टोपी डोक्यावर चढली, की जो डॉक्टर झाला त्यानं सगळ्यांना खाऊ घालायचं. लांब टेबलावर थाळ्या मांडतात आणि ज्याला जे हवं ते तो उचलून घेतो. काका-काकूंना बोलावणं फार आधीच गेलंय. मंडळात त्यांनी सांगूनही ठेवलंय की आमची मुलगी डॉक्टर होतेय. ते बोलावणं मी परत घेतलेलं नाही. घेणारही नाही. यावं त्यांनी.

टेबल मांडणार नाही मी. कागदी प्लेट नाही, प्लास्टिकचा डबा नाही. सभागृहाच्या दारात माझी आई उभी राहील, इस्त्रीच्या साडीत, हातात लाडवांची परात. मी शेजारी उभी राहून एकेकाला ओळख करून देईन. मराठीत, जर्मनमध्ये, आणि अरबी मला जेवढी येते तेवढीत. आधी तिचं नाव. ही कलावती. मग तिचं काम. हिनं शहर झाडलं. मग ती लाडू पुढे करील. सामिया घेईल, प्रोफेसर घेतील. मग काकूंची पाळी येईल. घ्यायचा नसेल तर त्यांनी हात मागे घ्यावा, पण सगळ्यांच्या देखत घ्यावा. मी नजर वळवणार नाही, आणि आईलाही मान खाली घालू देणार नाही.

दाराच्या मुठीला कुणी काही लावलं तर ते आता बाहेरच राहील. आणि ज्याला माझ्या घरचा लाडू हवा, त्यानं तो तिच्या हातातून घ्यायचा.